प्रबोधची मेक्सिकन संध्याकाळ

प्रबोध निमकरला कुठल्याही कार्यक्रमाला वेळेवर जाणं जमतच नसे. तो तासभर आधी जायचा. खुर्च्या मोजायचा, पाण्याची सोय विचारायचा, आणि मगच त्याच्या जिवाला स्वस्थता मिळायची. मंडळाचा गणपती असो की सिंगापुरातल्या बुकित बातोक वस्तीतल्या शेजाऱ्यांकडचं बारसं, कार्य दुसऱ्याचं आणि घाम याचा. "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर घरी या," असा फोन त्याची बायको सुचित्रा दर रविवारी करायची.

अकरा वर्षांपूर्वी तो पुण्याहून सिंगापूरला आला तो आताच्याच सॉफ्टवेअर कंपनीच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर. सगळा संसार त्या एका खुंटीला टांगलेला. नोकरी गेली की पास गेला, आणि महिन्याभरात बाडबिस्तरा. इथेच जन्मलेली, पाचवीतली लेक इरा तर पुण्याला फक्त आजीचं गाव म्हणून ओळखायची. या महिन्यात पासचं नूतनीकरण होतं, त्यामुळे प्रबोधची झोप उडाली होती. त्यातच त्याचा बॉस जेराल्ड म्हणाला, "टीमसाठी एक छान संध्याकाळ आखशील? खर्चाचं बघू नकोस." झालं! नोकरी पक्की असल्याचा कौलच मिळाला, असं आमच्या भोळ्या सांबाला वाटलं.

त्याने तांजोंग पगार नावाच्या भागातली एक पायी खाद्यफेरी शोधून काढली. मेक्सिकोहून आलेली गाइड, तीन दुकानं, तिकडे रस्त्यावर मिळतात तसे पदार्थ आणि सोबत कॉकटेल. शेवटी एका गच्चीवरच्या बारमध्ये पंधरा जणांचं टेबल त्याने वेगळं सांगून ठेवलं. शाकाहारी कोण, दारू न पिणारं कोण, तिखट कुणाला सोसत नाही, सगळ्याची यादी तयार. गुरुवारी तीनलाच तो ऑफिसातून निघाला, रस्ता एकदा चालून बघायला. वाटेत एचआरचा निरोप आला, चारला भेटून जा. पासच्या कागदावर सही हवी असणार. "उद्या सकाळी येतो," असं त्याने कळवलं आणि फोन खिशात टाकला.

साडेपाचला मंडळी जमली. जरा गप्पगप्पच होती. पहिल्या दुकानात टाको आले. मक्याची तळहाताएवढी मऊ भाकरी, तिच्यात राजमा, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. ती कशी दुमडायची हे गाइडने सांगायच्या आत प्रबोधच सगळ्यांना दाखवत सुटला. पुढच्या दुकानात भाजलेली कणसं चीज आणि तिखट फासून मिळाली. काठाला मीठ लावलेले मार्गारिटाचे ग्लास त्याने स्वतः वाटले, स्वतः मात्र नुसतं सरबत घेतलं. तीन वर्षांपूर्वी त्यानेच टीममध्ये निवडून आणलेली पुण्याची वल्लरी त्याच्याकडे बघून डोळे टिपत होती.

"तिखट लागलं का गं?"

"नाही दादा. तुम्ही ना... खरंच ग्रेट आहात."

याला वाटलं, पोरीला कणीस आवडलं.

तिसऱ्या दुकानातून निघताना बारचं बुकिंग काढायला त्याने फोन उघडला. ऑफिसची मेल पासवर्ड मागू लागली. दिला, नाकारला. पुन्हा दिला. 'हे खातं बंद करण्यात आलं आहे.' "बघ जेराल्ड, आपल्या आयटीवाल्यांची कमाल," तो हसत म्हणाला, "नेमकं आजच माझं खातं उडवलं!"

जेराल्ड हसला नाही. "प्रबोध, तू चारला एचआरकडे गेला होतास ना?"

"नाही, उद्या जातोय."

जेराल्डचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं तुला माहीत आहे. तुझी जागा बंद केली. पाचला सगळ्यांना मेल गेली. ही संध्याकाळ... तुझ्या निरोपाची होती."

प्रबोधने एकेकाकडे पाहिलं. चौदाच्या चौदा जणांना ठाऊक होतं. दीड तास हा त्यांना घ्या-घ्या म्हणत होता आणि ती माणसं मनात म्हणत होती, काय छातीचा गडी आहे! आपल्याच तेराव्याला आपणच पत्रावळी मांडाव्यात आणि आग्रह करत फिरावं, त्यातली गत. जेराल्डची जीभ सकाळी काय टाळ्याला चिकटली होती? संताप यायला हवा होता, पण तोही येईना. सुचित्राला काय सांगायचं आणि इराला कुठल्या शाळेत घालायचं, एवढंच डोक्यात गरगरत राहिलं. कुणीतरी "सॉरी" म्हणालं. तेवढ्यात गाइड म्हणाली, बारची वेळ झाली, आणि सगळे चालू लागले. प्रबोधही चालू लागला.

बारच्या दारातल्या मुलीने बुकिंगची मेल मागितली. जेराल्डने खांदे उडवले. सवयीने सगळ्यांच्या माना प्रबोधकडे वळल्या. बुकिंगचा आठ आकडी नंबर त्याला पाठ होता. त्याने तो म्हणून दाखवला. मुलगी एकेकाला मोजून आत सोडू लागली. वल्लरी चौदावी.

"वन मोअर," मुलगी प्रबोधकडे बघून म्हणाली. "फिफ्टीन इज यू, राइट?"

"मी यांच्यातला नाही हो," तो बोलून गेला, तेही मराठीत.

मुलीला काही कळलं नाही. वल्लरीला कळलं. ती दारातून मागे फिरली तेव्हा प्रबोध मटकन पायरीवर बसला होता, आणि हे आपणच बोललो यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.