लेगॉसकाकूंचं मोईन-मोईन

लेगॉसकाकूंना "नको" हा शब्द ऐकू यायचा नाही. एरवी कान तिखट होते. काकांच्या नोकरीपायी अर्धा संसार नायजेरियात, लेगॉसला करून त्या मुलाकडे जपानात निशी-कसाईला आल्या, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. सुनेने आपल्या ओट्याला हात लावू दिला नाही, म्हणून त्यांनी माझ्या ओट्याचा ताबा घेतला. मला कुणी विचारलंच नाही.

मोठ्या भूकंपानंतरच्या त्या वसंतात खालच्या मजल्यावरच्या ब्लेसिंगने अन्न टाकलं होतं. ती लेगॉसची, सातवा महिना, नवरा बोटीवर. जमीन जरा हलली की पोटावर हात धरून दारात उभी राहायची. भात नको, ब्रेड नको. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी फर्मान सोडलं, "तिच्या गावचं मोईन-मोईन करू. चवळी वाटायची, कांदा-मिरची घालून उकडायची. आहे काय त्यात!"

त्यात काय आहे ते लवकरच कळलं. भारतीय दुकानात चवळी संपलेली. काकूंनी जपानी सुपरमार्केटमधून सासागे आणली. इथे सणाच्या भातात घालतात ती लाल चवळी. ती भिजवून एकेका दाण्याचं साल चोळून काढायचं. माझी बोटं सोलली, सिंकची जाळी तुंबली.

"काकू, सालासकट वाटू या ना."

"असल्या आळसानेच तुमच्या हाताला चव नाही."

पाम तेल मिळालं नाही म्हणून साधं तेल, गुंडाळायला केळीची पानं नाहीत म्हणून बांबूची. एवढं सगळं नीट जमवलं आणि काकूंचा हात हिंगाच्या डबीकडे गेला.

"हिंग? मोईन-मोईनमध्ये?"

"कडधान्य आहे बाई ते. पोटुशीचं पोट फुगलं म्हणजे?"

भांडं गॅसवर चढवलं आणि नेमका भूकंपाचा धक्का बसला. इथे धक्का बसला की होतो तसा गॅसचा मीटर आपोआप बंद. मी बाहेर जाऊन त्याचं बटण दाबत होते आणि आतून काकू ओरडत होत्या, "आटप गं, वाफ मोडतेय!" इमारत हलली त्याचं त्यांना काही नव्हतं.

खाली नेऊन दिलं, तर ब्लेसिंगने एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "आंटी, यात काय घातलंय?" काकूंनी कौतुकाने डबी पुढे केली. तिने वास घेतला आणि ती भडकली. तडक उठली, जिना चढून माझ्या स्वयंपाकघरात आली, काकूंना स्टुलावर बसवलं आणि मला पुन्हा सालं काढायला लावलं. त्या दोघींपैकी जास्त छळ कुणी केला, सांगता येणार नाही. शेवटी तिने स्वतः केलं आणि स्वतः खाल्लं, पानाला चिकटलेलंसुद्धा खरवडून. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "मीठ कमी पडलंय."

तेव्हापासून ती जेवू लागली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

काकू पुढे पुण्याला परतल्या. त्यांनी ते मुद्दाम बिघडवलं, पोरीला चिडवून उठवायला, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. एकदा फोनवर त्यांनाच म्हटलं.

"मुद्दाम?" काकू कडाडल्या. "जीव ओतून केलं होतं मी! झकास झालं होतं. तिलाच कळलं नाही, आणि तुलाही नाही!" फोन बंद.

दोन दिवस जाऊ देत, राग निवला की समजूत काढू, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात काकू गेल्या. आता एवढ्यातेवढ्यावरून रुसलेल्या माणसाची समजूत मी कुठे जाऊन काढू?