हात केल्यावर बस थांबते तो देश

आमच्या साडूंइतका जगावर विश्वास टाकून बसलेला माणूस मी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि मध्यंतरी दक्षिण अमेरिकेतला एक चिमुकला देश बघून आलो, तर तिकडंही नव्हता. मी स्वतः संशयी माणूस. वसमतला कापडाचं दुकान चालवून चालवून स्वभावच तसा झालाय. परभणीला जायचं तरी मी आधी जागा राखून ठेवतो, तिकीट दोनदा तपासतो आणि गाडी सुटायच्या कितीतरी आधी जाऊन चिडचिड करत बसतो. साडूंच्या लेखी आगाऊ आरक्षण म्हणजे जगावर घेतलेला संशय. रस्ता आहे म्हणजे बस असणार, बस आहे म्हणजे ती येणार, आणि आपण हात केला म्हणजे ती थांबणार, एवढ्या भांडवलावर या माणसाने पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षकाची सगळी नोकरी काढली आणि संसारही केला.

आम्ही दोघं पुसेगावचे जावई. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. सासुरवाडीला निघालं की मी बायकापोरांसह स्टँडवर रांगेत उभा, आणि साडू मात्र आपली मंडळी घेऊन स्टँड ओलांडून पुढं रस्त्यावर. काहून, तर म्हणे, "स्टँडवर तर बस थांबणारच की. त्यात आपलं काय कौतुक?" मग बस दिसली की ते उजवा हात खांद्यापासून लांब करायचे, तळवा जमिनीकडं, आणि अंगावर आलेल्या गोऱ्ह्याला शांत करावं तसा सावकाश खालीवर हलवायचे. बस थांबायची. वारंग्याच्या फाट्यावर तर एकदा विनाथांबा गाडी थांबली. आपण ब्रेक काहून दाबला हे त्या ड्रायव्हरला हिंगोलीपर्यंत कळलं नव्हतं. आणि दर वेळी साडू आत चढून, जन्मात पहिल्यांदाच असं घडतंय अशा चेहऱ्याने माझ्या मेव्हणीला सांगायचे, "थांबली बरं का." ती बिचारी खिडकीच्या जागेवर पिशव्या सावरत "व्हय" म्हणायची.

ती मेव्हणी दोन वर्षांमागं गेली. त्यांची एकुलती लेक उरुग्वे नावाच्या देशात, मोंतेविदेओ शहरात, कॉम्प्युटरच्या नोकरीवर. जावईही तिथलाच नोकरदार, मूळचा नागपूरकडचा. लेकीचा रोज फोन, "अप्पा, तिथं एकटे काहून राहता? इकडं या, कायमचेच या." अप्पा काही हूं की चूं करेनात. शेवटी तिने दोन तिकिटं धाडली, एक त्यांचं आणि सोबत म्हणून एक माझं. निघताना बायकोने मला दारात बजावलं, "दाजींना समजावून तिथंच ठेवून या. इथं एकटेच कुढून राहिले." मी मान डोलावली. पण खरं सांगतो, मला ते नकोच होतं. दुकानाचं शटर ओढलं की रोज संध्याकाळी मी आणि साडू चहाला बसतो आणि कडाकडा भांडतो. राजकारणावर, चहातल्या साखरेवर, कशावरही. हा माणूस तिकडं राहिला तर मी कुणाशी भांडू? गिऱ्हाइकाशी भांडून चालत नाही, आणि बायकोशी भांडून जिंकता येत नाही.

तिकडं पोचल्यावर पहिल्याच जेवणाला लेकीने विषय काढला. साडू म्हणाले, "माय, राहायचं का न्हाई ते मला काय इमारती बघून कळत न्हाई. आधी तुझा देश बसनं फिरतो. उघड्या रस्त्यावर हात केला अन् बस थांबली, तर राहतो. न्हाई थांबली तर आपलं वसमत बरं."

"अप्पा, इथं स्टॉप असतात," लेक म्हणाली.

"तेच म्हणून राहिलो मी. स्टॉपवर तर कोणतीबी थांबंल."

मी मनातल्या मनात म्हटलं, वा! झकास! कुठला परदेशी ड्रायव्हर माळरानावर हात केल्यावर गाडी थांबवतो?

मग आमची भटकंती सुरू झाली. लेक म्हणाली गाडी घेऊन जा, टॅक्सी करा, कुठं चांगल्या हॉटेलात राहा. साडूंनी सगळ्याला नकार दिला. पहाटे उठून ते स्वतः भाकरी थापायचे, वसमतहून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा फडक्यात बांधायचे, आणि आम्ही सगळ्यात स्वस्त बसने निघायचो. इकडं पौषातली थंडी सोडून गेलो होतो, तिकडं ऐन उन्हाळा. उन्हाळाही कसा, तर मायाळू. सूर्य मावळायचं नावच घेईना. सपाट गवताळ माळ, त्यावर गाई, गाईंच्या पलीकडं आणखी गाई, आणि माणूस मात्र औषधालाही दिसायचा नाही. बसच्या काचेतून तासन्‌तास तेच ते हिरवं सरकत राहायचं. माझ्यासारख्या चिडक्या माणसालाही दुपारी अशी गोड गुंगी यायची की आपण जागे आहोत का झोपलोत याचा पत्ता लागू नये.

आता हे मी निवांतपणे सांगतोय, पण साडूंनी मला तिथं कमी छळलं नाही. मोंतेविदेओच्या बसस्टँडवर पहिल्याच दिवशी त्यांनी, गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. काच बंद होती. तिथल्या लांबच्या गाड्यांच्या काचा उघडतच नाहीत. रुमाल काचेवर आपटून खाली पडला आणि सगळा फलाट आमच्याकडं बघायला लागला. "अहो, तिकिटावर नंबर आहे!" मी ओरडलो. पण तोवर साडू सगळ्यांच्या आधी आत शिरून ड्रायव्हरमागच्या दोन जागांवर रुमाल पसरून बसले होते. थोड्या वेळाने त्यातल्या एका जागेची मालकीण आली. सत्तरीची बाई, काखेत थर्मास, हातात मातेचा पेला. माते म्हणजे तिकडचा पाला. पेल्यात भरायचा, वरून गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. सगळा देश दिवसभर तेवढंच करतो. तिने तो रुमाल उचलला, झटकला, चारपदरी घडी घालून साडूंच्या हातात दिला आणि शेजारी बसली. मी आपला गुमान मागं गेलो. उतरायचं गाव येईपर्यंत दोघं बोलत होते. ती तिच्या भाषेत, हे मराठीत. मध्ये तिने पेला पुढं केला, साडूंनी तिच्याच नळीने ओढला आणि मागं वळून मला म्हणाले, "पानाची चंची फिरवतात ना आपल्याकडं, तसंच हाय. लई कडू, पण माणसं चांगली."

माणसं त्यांना सगळीकडंच चांगली भेटायची, त्याला मी तरी काय करणार? बसमध्ये चढताना ते हात जोडून "जय भीम" म्हणायचे. लेकीच्या घराजवळून जाणाऱ्या सिटी बसचा एक जाड मिशीवाला ड्रायव्हर तर आठवडाभरात आम्हाला बघून आपणहून "हाय बीम!" म्हणायला लागला. साडूंना कोण आनंद! त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी लेकीकडून दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. मेव्हणी गेल्यापासून मी त्यांना काही मागून घेताना बघितलं नव्हतं.

पण हात करायचा योग काही येईना. सगळीकडं स्टॉप, सगळीकडं नंबर. परतीचा दिवस जवळ आला. लेकीचा चेहरा उतरला, आणि मला आतून बरं वाटू लागलं. तेवढ्यात साडूंना नकाशावर एका गावाचं नाव सापडलं. त्रेइंता इ त्रेस. म्हणजे तेहतीस. गावाचं नावच तेहतीस! लेकीने सांगितलं की स्वातंत्र्याच्या लढाईतल्या तेहतीस माणसांवरून ते नाव पडलंय. साडू हरखले. "एकाचं नाव दिलं तर बाकीच्यायला वाईट वाटंल म्हणून आकडाच ठेवला. केवढी समजदार माणसं! उद्या तिथं जायचं."

गेलो. गाव पाहिलं, झाडाखाली भाकरी खाल्ली. परतीच्या बसमध्ये मी जरा कुठं पाय ताणले, तोच साडू ताडकन उठले. बाहेर नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं आणि त्यांच्या कडेने भरून चाललेलं पाणी. "पाट हाय! दुकानदार, पाट! उतरा!" आणि त्यांनी बसच्या टपाला आतून धडाधड थापा मारल्या. ड्रायव्हरला वाटलं कुणाला काय झालं. त्याने घाबरून गाडी थांबवली आणि दार उघडलं. साडू "जय भीम" म्हणून उतरलेदेखील! मागोमाग मी, पिशव्या घेऊन, तोंडाने जे येईल ते बडबडत.

बस गेली आणि एकदम सगळं शांत झालं. साडू पाटाच्या काठाने चालत राहिले. एका ठिकाणी उकिडवे बसले, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. "पाणी बराबर सोडलंय," ते म्हणाले. "कुठं काठ फुटला न्हाई, कुठं तुंबलं न्हाई. कोण हाय त्याला मानलं." लांब पायांचे पांढरे पक्षी चिखलात उभे होते. वाऱ्याने भात एका बाजूला झुकायचं, पुन्हा उठायचं. ऊन पिवळं होत होत हळदीच्या रंगावर आलं. मी रागावलो होतो हे माझ्या लक्षात राहीना. कितीतरी वेळाने साडू म्हणाले, "ही असती तर म्हणली असती, बसा आता हितंच." मेव्हणी गेल्यापासून तिचा विषय त्यांनी माझ्यापाशी पहिल्यांदाच काढला होता. ते उठले, हात धोतराला पुसले आणि रस्त्यावर आले. "चला. आज ठरूनच जाऊ द्या."

बस थांबली नाही तर आम्ही या अनोळखी माळावर अडकलो. थांबली तर माझा साडू गेला. काय मागावं तेच कळेना.

रस्ता सरळसोट होता. फार लांबवर बस दिसली. साडूंनी हात लांब केला, तळवा खाली, अगदी वारंग्याच्या फाट्यावर करायचे तसाच. बस जवळ आली, भोंगा वाजला आणि वाऱ्याचा झोत अंगावर टाकून ती निघून गेली.

झालं! मला हवं होतं तेच झालं. मी साडूंकडं बघितलं. त्यांचा हात तसाच हवेत होता. चेहरा मात्र, काय सांगू, मेव्हणीला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं त्या दिवशी जसा होता तसा झाला होता. त्या माणसाने जन्मभर जगाला एकच गोष्ट मागितली होती, आणि ज्या देशात त्याची लेक राहते तिथं ती मिळाली नव्हती. "चालायचंच," ते म्हणाले. "आपलं वसमत काय वाईट हाय?"

मला ते बघवेना. शपथेवर सांगतो, नाही बघवलं.

दुसरी बस दिसली तेव्हा साडूंनी हात केला, पण त्यात जीव नव्हता. मी पिशव्या खाली टाकल्या, त्यांच्या मागून दहा पावलं पुढं गेलो आणि भर रस्त्यात उभा राहून दोन्ही हात वर करून नाचायला लागलो. साठी ओलांडलेला, पोट सुटलेला कापड दुकानदार! "थांब रे बाबा!" मी ओरडत होतो. "थांब! राहायचंय त्यांना इथं!" बसने ब्रेक मारला. दार उघडलं. ड्रायव्हर माझ्याकडं बघून खदाखदा हसत होता.

साडू आत चढले, हात जोडले, बसले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "थांबली बरं का."

"थांबणारच," मी म्हणालो. "तुमचा हात हाय तो."

"न्हाई, तुमी पुढं येऊन हात करून राहिले होते ना, म्हणून म्हणलं..."

"मी डास हाकलत होतो."

ते हसले. मग एकदम लेकरासारखं विचारलं, "राहू मग?"

"राहा," मी म्हणालो आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

आता साडू तिकडंच आहेत. ठणठणीत आहेत, बसने हिंडतात, स्टॉपच्या पुढं जाऊन उभे राहतात म्हणे. चार ड्रायव्हर थांबत नाहीत, पाचवा थांबतो. लेक खूश आहे, माझी बायको खूश आहे. मी संध्याकाळचा चहा घरीच घेतो.

पण इकडं संध्याकाळ झाली की तिकडं सकाळ असते, आणि त्यांचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक काम करता का? स्टँडवर जाऊन फोन जरा गाड्यांकडं धरा." तेव्हापासून मी दुकान बंद केलं की वसमतच्या स्टँडवर जाऊन बाकावर बसतो आणि फोन हातात उंच धरतो. येणारेजाणारे बघतात. बघू देत. कंडक्टर नांदेड नांदेड ओरडतो, कुणाचं लेकरू रडतं, घंटी वाजते, इंजिन घरघरतं. पलीकडं साडू ऐकत राहतात. परवा असाच धरून बसलो होतो. गाडी वळून फाटकाबाहेर पडली, तेव्हा मी फोन कानाला लावला.

"गेली व्हय?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"भरून गेली?"

"एक जागा व्हती रिकामी," मी म्हणालो.

तिकडून नळीने माते ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "खिडकीची व्हती?"

मी व्हय म्हणालो.