तिमाही सर

सरांना हळू बोलता येत नसे. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या बाकावरही ते ‘एचआयव्ही’ असं म्हणत की चालायला आलेले लोक वळून बघत. मी शरमेनं बुटाची नाडी बांधू लागे.

कारेलीबाग भागात ते रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेत. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या आम्हा पुरुषांचा छोटा गट रविवारी सकाळी कमाटीबागेत जमे. तिथे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तीन महिने झाले ना? तपासणी केलीस?” म्हणून ते तिमाही सर.

प्रेप या गोळीचं नाव मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकलं. “गोळी आजार झाल्यावर घेतात ना?” मी विचारलं.

“ती वेगळी. ही एचआयव्ही न झालेल्यानं घ्यायची, होऊ नये म्हणून. आधी रक्त तपासायचं, मूत्रपिंड बघायचं. आणि बाकीचे गुप्तरोग ती थांबवत नाही, तेव्हा निरोध सोडायचा नाही.”

अकोटा भागातल्या एका डॉक्टरांकडे ते माझ्यासोबत आले. डॉक्टर म्हणाले, “लग्न झालेलं नाही, मग ही गोळी कशाला?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवल्यावरच ते म्हणाले, “त्याचं पुरुषांवर प्रेम आहे, डॉक्टरसाहेब. आता पुढचं विचारा.” डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, “सर, तुम्ही कधीपासून घेता?”

“मला ती चालत नाही. मला एचआयव्ही आहे. रोजच्या औषधांनी तब्येत ठणठणीत आहे, रक्तात विषाणू सापडत नाही, म्हणून माझ्याकडून आता कुणाला लागण होणार नाही. पण मला झाला त्या वर्षीही ही गोळी होती, रे. मला माहीत नव्हती, एवढंच.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यात गुंतलो. दोन वर्षं दर रविवारी सांगायचं ठरवलं आणि दर रविवारी शेंगदाणे खाऊन घरी आलो.

मग त्यांची आई कोल्हापुरात पडली, खुबा मोडला. सर बिऱ्हाड हलवून तिच्याकडे निघाले. टेम्पोत कपाट चढवताना मी म्हणालो, “सर, जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात.”

त्यांनी दोरीची गाठ पक्की केली. “हे आधी का नाही बोललास, वेड्या?” माझ्या गालावर हात ठेवून ते टेम्पोत बसले.

आता मी फोन करतो. बहुधा त्यांची आईच उचलते. “कोण?”

“त्यांचा बडोद्याचा विद्यार्थी.”

“थांब हं, तो पोळ्या लाटतोय.” ती त्यांना हाक मारते. ते येईपर्यंत मी त्या घरातले आवाज ऐकत राहतो.