खुणेचा भोपळा

सांगलीत प्रायोगिक परफॉर्मन्स आर्टचं पाच दिवसांचं शिबिर होतं. शिकवणारे सर पुण्याचे. हॉलमध्ये अनवाणी फिरायचे, बाहेर दाराशी त्यांचे भारी बूट तयार असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला दोन तास भिंतीसमोर उभं केलं आणि विचारलं, "भिंत तुमच्याकडे बघतेय का?" वडूजहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "न्हाई बा." सरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र म्हणालो, "व्हय, बघतीया." डोंबल बघत होती! पण शाबासकी मिळाली आणि तिथंच माझी अक्कल गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गव्हाच्या पिठात लोळलो. तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या सावलीला पोहे भरवले. सावलीनं खाल्ले नाहीत म्हणून मुंग्यांनी खाल्ले. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "उद्या पाहुण्यांसमोर सादरीकरण. घरातली सगळ्यात जपलेली वस्तू आणा आणि तिच्यातून मोकळे व्हा." म्हणजे फोडा. सर स्वतःचं काय फोडणार, हे कुणी विचारलं नाही.

माझं घर मिरजेत. अब्बा तंबोरे बनवतात. तंबोरे जोडीनं लागतात आणि जोडीला दोन अगदी सारखे भोपळे हवेत. एकाच मापाचे, एकाच जाडीचे असे दोन भोपळे अब्बांना दोन हंगाम धुंडाळल्यावर मिळाले होते. हात थरथरायला लागले होते, म्हणून ही आपली शेवटची जोडी, असं त्यांनी अख्ख्या घराला सांगून ठेवलं होतं. आमच्यात जोडीच्या भोपळ्यांवर खडूनं सारखी खूण करतात, म्हणजे चुकून कुणी त्यातला एकच उचलत नाही. माळ्यावर बिनखुणेचे ढीगभर भोपळे होते. मी खुणेचाच उचलला. दिसायला देखणा होता ना!

शिवाय सादरीकरणाला अब्बांनाही बोलावलं. त्यांना कमी दिसतं, ओळखणार नाहीत, एवढा मी शहाणा. मुलगा कलाकार झाला म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मी डोक्याला काळं फडकं गुंडाळलं, येड्यासारख्या तीन गिरक्या घेतल्या आणि भोपळा फरशीवर आपटला. टाळ्या पडल्या. अब्बांनीही वाजवल्या.

मग ते वाकले. खूण असलेला तुकडा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला. सरांनी लगेच विचारलं, "काका, काय जाणवलं?"

"आवं साहेब, लय चांगला वाजला," अब्बा म्हणाले. "पक्का वाळला हुता."

"वा! हीच खरी प्रतिक्रिया!" म्हणत सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मूर्ख माणूस! पण त्याला काय बोलणार, भोपळा मी फोडला होता. मला तिथं उभं राहायची लाज वाटत होती.

अब्बांनी दोन शिव्या घातल्या तर बरं, असं घरी येईपर्यंत मला झालं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी मला जोडीतला दुसरा भोपळा खाली काढायला सांगितला. मी तो छातीशी धरून उभा राहिलो. त्यांनी अंगठा थुंकीनं ओला केला, त्याच्यावरची खूण पुसून टाकली आणि म्हणाले, "ठेव वर, बाकीच्यांत."