चार नंबरचा काटा

समुद्रावर अठरा वर्षं काढूनही समुद्र न पाहिलेला माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या दाळमिलमध्ये कामाला आहे. सगळे त्यांना काका म्हणतात. मूळचे जळकोटचे; तिथून ते थेट मालवाहू जहाजाच्या तळाशी गेले आणि इंजिनापाशीच राहिले. "समुद्र कसा असतो, काका?" असं विचारलं की म्हणतात, "वर असतो म्हणत्यात. आमी खाली होतो."

मिलच्या जुन्या डिझेल इंजिनाला सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा धूर बाहेर पडायचा त्या वाटेवर एकेक तापमापक. लाइट गेली, इंजिन चालू झालं की दर तासाला काका सहाही काटे वाचणार आणि ऑफिसातली नवी मुलगी म्हणून मी ते रजिस्टरमध्ये लिहिणार. काकांच्या मते एकट्या आकड्याला काही किंमत नाही. तो शेजाऱ्यांशी ताडून पाहायचा. पाच जण सारखे आणि एकच जास्त तापलेला, तर त्याचं काहीतरी दुखतंय. हा नियम ते घरीही लावतात. नातवाला ताप आला तेव्हा त्यांनी आधी घरातल्या सगळ्यांचा ताप मोजला, विरजण मागायला आलेल्या शेजारणीचासुद्धा. काकू ओरडल्या, "अहो, पोराला आधी गोळी द्या!" काका शांतपणे म्हणाले, "थांब गं. बाकीचे किती हायेत ते तर कळू दे."

गेल्या तुरीच्या हंगामात चार नंबर तापायला लागला. काकांनी त्याचं डिझेल फवारणारं नोझल बदललं, फरक पडला नाही. शेठजींनी सांगून टाकलं, "काका, सिलिंडरचं हेड गेलं असेल तर मी आता खर्च करणार नाही. इंजिन भंगारात."

"काटाच खोटं बोलत असंल, शेठ," काका म्हणाले, आणि त्यांनी चार आणि पाचचे तापमापक एकमेकांच्या जागी लावले. जास्तीचा आकडा तापमापकाबरोबर पाचवर गेला, तर तापमापक खराब. चारवरच राहिला, तर इंजिन गेलं.

इंजिन चालू करून तासभर थांबलो. मग काका म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. "तूच वाच, बेटा."

मी वाकून पाहिलं. पाच नंबर बाकीच्यांसारखाच, चारशेच्या खाली. चारवर चारशे एकोणसाठ. एकोणसाठ की एकोणसत्तर, असा माझा नेहमी घोळ होतो; त्या दिवशी झाला नाही. क्षणभर वाटलं, पन्नासेक कमी सांगावेत. मग आकडा सांगितला, आणि त्यांनी मान वळवली नाही म्हणून पुन्हा, ओरडून सांगितला.

"ऐकलं की," काका म्हणाले. "लिही. आन् शेठला मी सांगतो. तुझ्यावर उगंच वरडंल त्यो."

इंजिन होतं तिथे आता पेटीबंद जनरेटर आहे. त्याचं बटण दाबायचं काम काकांकडेच आहे. तो इतका हळू चालतो की शेजारी उभं राहून कुजबुजता येतं. काका मात्र अजून सहा सिलिंडरांच्या वरताण आवाजातच बोलतात. "चहा घेतलास का?" असं विचारलं तरी फाटकावरचे हमाल वळून बघतात. हळू बोला, असं त्यांना कुणी सांगत नाही. मीसुद्धा ओरडूनच सांगते, "घेतला, काका!"