पान वाटेत येऊ देऊ नको

बाबांच्या बाराव्याला दानाच्या छत्री, वहाणा आणि काठीशेजारी आईने त्यांचा मोबाइलही ठेवला. "दिवसभर हातात असायचा. तिकडे नको काय?" भटजी आधी नको नको म्हणाले आणि मग घेऊन गेले. देण्याआधी भावाने तो पुसून कोरा केला आणि सिमकार्ड काढून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलं. ते सिम आम्ही देवाच्या टाकासारखं जपलं. त्यावर रिचार्ज मात्र कुणी मारला नाही. गेलेल्या माणसाच्या नंबरावर रिचार्ज कोण मारतो?

देवदिवाळी जवळ आली तशी आईला राखणेची आठवण झाली. मिरजोळ्याच्या पुढे आमची कलमांची बाग आहे. तिच्या कोपऱ्यात पायरीच्या जुन्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. दरवर्षी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. ते बाबांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं. कातळावरचा, विहिरीवरचा, वहाळापलीकडचा, अशी एकेका राखणदाराला हाक मारायची आणि मग मागायचं. लिहून द्या म्हटलं तर बाबा म्हणायचे, "ते लिहायचं नसतं." आजारपणात मात्र त्यांनी ते मोबाइलमध्ये बोलून ठेवलं आणि मला सांगितलं, "खात्यात गेलंय ते. मोबाइल गेला तरी राहील."

राहिलं असेलही. पण पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. खातं उघडायला गेलं की ते म्हणे, तुमच्या नंबरावर कोड पाठवला आहे. नंबर बाबांचा. डबीतलं सिम माझ्या फोनात घालून पाहिलं, तर ते कधीच बंद पडलेलं. मग मी त्या नंबरावर फोन लावला. का लावला, कोण जाणे. पलीकडून "हॅलो" आलं.

बंद पडलेला नंबर कंपनीने राजापूरच्या एका बाईंना दिला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, सांगताना रडलेही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मगाशी एक कोड आला खरा," त्या म्हणाल्या. "पण ताई, वाईट वाटून घेऊ नका. ओटीपी मी सख्ख्या बापाला पण सांगत नाही."

"अहो, माझ्या सख्ख्या बापाचाच आहे तो!" मी ओरडले. त्यांनी फोन ठेवला.

मला भयंकर राग आला. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तो जास्तच आला. बाबा असते तर त्यांनी बाईंना शाबासकी दिली असती. फसवणुकीच्या बातम्या ते पेपरातून आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. पण हे कुलूप तरी कसलं? त्याला माणूस कळत नाही, नंबर कळतो. बाईंनी मनात आणलं असतं तर बाबांचं खातं त्यांना उघडता आलं असतं. ज्या घरात त्यांचा चष्मा अजून खिडकीत पडलेला आहे, त्या घराला नाही.

मग एआयला विचारलं. शाळेत आम्ही शिक्षक त्याच्याकडून प्रश्नपत्रिका काढून घेतो. मराठी अगदी गुळगुळीत. त्याने खातं उघडायची वाट सांगितली, सेटिंगमध्ये अमुक बटण दाबा. तसं बटण तिथे नव्हतंच. तसं कळवलं तर "आपलं बरोबर आहे, क्षमस्व" म्हणून दुसरं सांगितलं. तेही नव्हतं. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात. अशी माणसंही असतात म्हणा, रस्ता ठाऊक नसला तरी पत्ता सांगणारी.

म्हटलं, निदान गाऱ्हाणं तरी लिहून दे. मला आठवत होते ते तुकडे दिले. कातळावरचा, वहाळापलीकडचा, आणि 'पान वाटेत येऊ देऊ नको'. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाऱ्हाणं हजर! मी आईला वाचून दाखवू लागले. आधी तिने मान डोलावली. मग आलं, "वाटेत गळलेलं पान पुन्हा फांदीवर येऊ दे, बागेत पानंच पानं होऊ देत, पावलोपावली पान दिसू दे."

आडवी पडलेली आई ताडकन उठून बसली. "अगो, बागेत जनावरं मागतेस काय?"

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याचं नाव घेतलं की तो येतो. माझे धाकटे काका ह्याच बागेत पान लागून गेले. यंत्राला हे समजावल्यावर त्याने पुन्हा क्षमा मागितली आणि नव्या गाऱ्हाण्यात चार वेळा स्पष्ट 'सर्प' लिहिलं. आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता आई म्हणाली, "ते असते तर किती हसले असते," आणि तिला रडू फुटलं. मलाही आवरलं नाही.

राखणेला भाऊ मुंबईहून आला. नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. गाऱ्हाण्यात एकाने मागायचं असतं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. लग्न होऊन आल्यापासून आई तेवढंच म्हणत आली होती.

"तुला येत असेल ना गं?" भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं ऐकलंस."

"ऐकलं कुठे? ते थांबले की व्हय म्हणायचं, तेवढंच माझं लक्ष."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." पुन्हा गप्प. बाबांना जेवढा वेळ लागायचा तेवढी थांबली आणि पुन्हा म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग आम्हीही तिच्याबरोबर म्हणू लागलो. एके ठिकाणी ती जरा जास्तच थांबली. तिथे बाबा दम घ्यायचे. त्यांचा दम घेऊन होईपर्यंत आम्हीही थांबलो.