खिशातलं ज्याचं त्याला

इस्त्रीवाले मामा कपडा हातात घेतला की आधी खिसा चाचपायचे. सापडेल ती वस्तू मालकाच्याच हातात द्यायचे. त्याची बायको कितीही गोड बोलली, तरी तिच्याकडं नाही. तंबाखूची पुडी असो नाहीतर सिनेमाची दोन तिकिटं, मामांच्या तोंडाला कुलूप. "खिशातलं ज्याचं त्याला," ते म्हणायचे. "आमी सुरकुत्या काढतो, भांडनं लावीत न्हाई."

नगरमधल्या आमच्या वस्तीत शनिवारी त्यांच्या गाड्याभोवती झुंबड उडायची, कारण रविवारी चर्चला चुरगळलेला शर्ट म्हणजे घराण्याची अब्रूच गेली. तुटलेलं बटण मामा फुकट लावून द्यायचे. सुईदोरा कायम टोपीत खोवलेला असायचा.

वस्तीचं नाव सांगितलं की रिक्षावाला परत फिरायचा आणि नोकरी देणारा दुसरीकडं बघायचा. सुप्याच्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं, त्यानंतर वर्षभर मी हेच सोसलं. मग वस्तीतल्या बंटीनं काम करतोस का विचारलं. तो एमडी विकायचा, पांढरी नशेची पावडर, चिमूटचिमूटभर पुड्यांत बांधलेली. घेणारी पोरं बंगल्यांतून मोटारसायकलींवर यायची. पोलिसांची धाड मात्र आमच्याच गल्लीत. मी पुड्या पोचवू लागलो.

त्या शनिवारी आईनं माझा पांढरा शर्ट इस्त्रीला नेला. वरच्या खिशात सहा पुड्या होत्या. मी धावत गेलो, तर मामांची बोटं खिशातच. मी हात पुढं केला. ते माझ्याकडं बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मालकाला त्याची वस्तू दिली नाही. सगळ्या पुड्या पाणी शिंपडायच्या डब्यात फोडल्या आणि डबा गटारात उपडा केला.

"मामा, बंटी मला जित्ता सोडनार न्हाई!"

"त्याला माझं नाव सांग," मामा म्हणाले.

आणि मी खरंच सांगितलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

संध्याकाळी बंटी दोघांना घेऊन आला. मी दहा पावलांवर उभा होतो.

"माल कुठंय, म्हाताऱ्या?"

"गटारीत. आन् पोराला हात लावायचा न्हाई."

बंटीनं गाड्यावरची कोळशाची इस्त्री उचलली. त्या दोघांनी मामांचा उजवा हात फळीवर दाबून धरला. मामा ओरडले. मी त्या दहा पावलांतलं एकही टाकलं नाही.

दवाखान्यात विचारलं, तेव्हा मामांनी "इस्त्री घसरली" एवढंच सांगितलं. बंटीचं नाव घेतलं असतं तर पाठोपाठ माझंही निघालं असतं. पंधरा दिवसांनी त्यांची लेक त्यांना बेलापूरला घेऊन गेली. त्या हातात पुन्हा इस्त्री धरणं होणार नव्हतं. जाताना त्यांनी माझा शर्ट आईकडं दिला. इस्त्री केलेली नव्हती. वरच्या खिशाचं तोंड मात्र शिवून टाकलेलं होतं, डाव्या हातानं घातलेल्या वेड्यावाकड्या टाक्यांनी.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून मी पोलीस ठाण्यात गेलो. वस्तीचं नाव ऐकताच दारातल्या हवालदारानं माझी झडती घेतली. वरच्या खिशात त्याचं बोट जाईना.

"हा का शिवलाय रे?"

मी तिथूनच सांगायला सुरुवात केली.